किंवा नियतकालिके

आज तुम्हाला दोन शब्दांची गोष्ट सांगायची आहे. शब्द पोलिश भाषेतले आहेत, ‘लुब चासोपिस्मा’. ‘लुब’ म्हणजे किंवा. ‘चासोपिस्मा’ म्हणजे नियतकालिक. गंमत अशी की ‘चास’ म्हणजे काळ आणि ‘पिस्मो’ म्हणजे लेखन. आपल्या ‘नियतकालिक’ या शब्दात काळ जसा बसलेला आहे, तसाच तो तिकडेही बसलेला आहे. तर ‘किंवा नियतकालिके’ एवढेच हे दोन शब्द. २००२ सालच्या मार्च महिन्यात पोलंडच्या एका कायद्याच्या मसुद्यातून ते गळाले. पुढच्या दोन वर्षांत एक नामवंत चित्रपट निर्माता शिक्षेला पात्र ठरला, सत्ताधारी पक्षाची पुरती रया गेली, आणि रेडिओ-टेलिव्हिजनवर देखरेख करणाऱ्या एका सरकारी माणसाच्या नावाला जे चिकटलं, ते वीस वर्षांनंतरही पूर्ण निघालेलं नाही.

त्या माणसाचं नाव व्वोजिमिएश चाझास्ती. हे नाव मी घरात इतक्या वेळा घोकलं की आतून विचारणा झाली, ‘हे कुठलं औषध लिहून दिलंय?’ पोलिश नावं आपल्या जिभेला जड जातात खरी. पण हा देश आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या मंडळींच्या तोंडी पोलंडचं नाव यायचं ते शेजारच्या गावासारखं.

आता देखरेखीचं काम म्हणजे काय, ते आधी पाहू. वर्तमानपत्र काढायला कागद, शाई आणि पैसा लागतो. रेडिओ आणि टेलिव्हिजनला याशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हवेतल्या लहरी. या लहरी मोजक्या असतात आणि त्या कुणा एकाच्या मालकीच्या नसतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली हेच सांगितलं. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं नमूद केलं, आणि त्यांची व्यवस्था सरकारच्या नव्हे, तर एखाद्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या हाती असावी असं सुचवलं. मालमत्ता जनतेची, पण वाटप कुणीतरी करायचं. परवाना कुणाला द्यायचा, कुणाचा काढायचा, एका धनिकाच्या हाती किती वाहिन्या जाऊ द्यायच्या, हे ठरवणारा एक पंच लागतो. कुस्तीच्या मैदानात पंचावर दोन्ही तालमींचा विश्वास असावा लागतो. पंच एका तालमीचा निघाला, तर आखाड्यातली माती प्रेक्षकांत उडायला वेळ लागत नाही.

पोलंडमध्ये १९८९ साली कम्युनिस्ट राजवट संपली. त्याआधी रेडिओ आणि टेलिव्हिजन सगळं पक्षाचं. नव्या लोकशाहीनं १९९२च्या डिसेंबरात कायदा केला आणि ‘राष्ट्रीय प्रसारण परिषद’ नावाची संस्था उभी केली. १९९७च्या राज्यघटनेत तिला मानाचं पानही मिळालं. भाषणस्वातंत्र्य, माहितीचा अधिकार आणि प्रसारणातलं जनहित यांचं रक्षण हे तिचं काम. तिचा सदस्य कोणत्याही राजकीय पक्षाचा सभासद असता कामा नये, असं घटनेतच लिहिलेलं आहे. हे वाचलं की मन प्रसन्न होतं. मग पुढची ओळ वाचावी. तेव्हा परिषदेवर नऊ सदस्य होते. चार संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं निवडायचे, दोन वरिष्ठ सभागृहानं, आणि तीन राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे. म्हणजे सदस्याच्या खिशात पक्षाचं कार्ड नको, पण त्याला खुर्चीवर बसवणारे हात मात्र सगळे पक्षांचे. सोवळं नेसून भटारखान्यात शिरण्यासारखंच हे.

चाझास्तींचा जन्म १९६०चा, वॉर्साचा. विद्यार्थी चळवळीतून वर आले, १९८३ ते १९९० कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. राजवट बदलल्यावर पुस्तक प्रकाशनाच्या धंद्यात पडले आणि ‘मूझा’ नावाची प्रकाशनसंस्था चांगली नावारूपाला आणली. जुन्या विद्यार्थी संघटनेतले मित्र पुढे मंत्री झाले, अधिकारी झाले, सरकारी टेलिव्हिजनवर गेले. त्या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक संघटनाही होती आणि तिच्यात चाझास्तींचा शब्द चालत असे. २००० साली ते प्रसारण परिषदेवर आले आणि तिचे सचिव झाले. सचिव हे पद कागदावर लहान दिसतं. पण ज्यानं कुठल्याही संस्थेत चार दिवस काढले आहेत, त्याला ठाऊक असतं की अध्यक्ष सभेत बोलतो आणि फाईल सचिवाकडे असते.

२००१च्या निवडणुकीत डाव्यांच्या आघाडीनं ४१ टक्के मतं मिळवली. ४६० जणांच्या सभागृहात २१६ जागा, आणि लेशेक मिलर पंतप्रधान झाले. या सरकारनं प्रसारण कायद्यात दुरुस्ती करायला घेतली. एका हाती सगळी माध्यमं जाऊ नयेत म्हणून त्यात एक कलम होतं. देशभर खपणाऱ्या दैनिकाच्या ‘किंवा नियतकालिकाच्या’ मालकाला देशव्यापी टेलिव्हिजन वाहिनी घेता येणार नाही, असा त्याचा आशय. हेतू चांगलाच म्हणायचा. आपल्याकडेही माध्यमांच्या मक्तेदारीवर परिसंवाद होतात, तिथे टाळ्या मिळाव्यात असं हे कलम.

मार्च २००२मध्ये मंत्रिमंडळानं मसुदा संमत केला. मात्र संसदेकडे जो कागद गेला, त्यात ते दोन शब्द नव्हते. आता अर्थ काय झाला पाहा. दैनिकाच्या मालकाला वाहिनी घ्यायला बंदी, नियतकालिकांच्या मालकाला मोकळं रान. आणि त्या वेळी देशव्यापी दैनिक चालवणारी, वाहिनी घ्यायची इच्छा आणि ऐपत असणारी मोठी देशी कंपनी होती ती ‘अगोरा’, म्हणजे ‘गाझेता विबॉर्चा’ या सर्वात वजनदार दैनिकाची मालक. तिची नजर ‘पोलसात’ या खासगी वाहिनीवर होती. कलम सगळ्यांसाठी होतं, ते दोन शब्द गळताच एकासाठी उरलं.

मी कवी माणूस, मला या गळण्याचं फार वाटतं. माझ्या एका कवितेतला एक ‘न’ एका दिवाळी अंकाच्या छपाईत गळाला होता, आणि ज्या ओळीत मी एका माणसाला नाकारत होतो, त्याच ओळीत मी त्याच्या गळ्यात पडलो. लोकांनी अभिनंदनाची पत्रं पाठवली. तिथे फार तर माझी फजिती झाली. कायद्यातला शब्द गळाला की कुणाची तरी तिजोरी उघडते, कुणाची बंद होते. म्हणून प्रश्न उरतो की शब्द गळाला, की कुणी गाळला? पोलंडमध्ये हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं चघळला गेला. मसुद्याचं काम सांस्कृतिक खात्यात उपमंत्री अलेक्सांद्रा याकुबॉव्स्का यांच्या देखरेखीखाली चाललं होतं आणि त्याला कच्चा माल पुरवत होती प्रसारण परिषद. म्हणजे पंचाची माणसंच नियमाचा कागद लिहायला बसली होती.

यानंतर रंगमंचावर येतो लेव्ह रिव्हिन. साधासुधा दलाल नव्हे. ‘शिंडलर्स लिस्ट’च्या निर्मितीत त्याचा वाटा होता. रोमान पोलान्स्कींच्या ‘द पियानिस्ट’चा तो सहनिर्माता, आणि त्या चित्रपटाला मे २००२मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, हा माणूस आधी ‘अगोरा’च्या प्रमुख वांदा रापाचिन्स्का यांना भेटला आणि २२ जुलैला ‘गाझेता’चे संपादक आदाम मिखनिक यांच्या कचेरीत जाऊन बसला.

मिखनिक हे नाव पोलंडमध्ये टिळक-आगरकरांच्या पंगतीतलं समजा. कम्युनिस्ट काळात अनेक वर्षं तुरुंगात काढलेला विचारवंत. १९८९च्या निवडणुकीसाठी निघालेलं त्यांचं पत्र, म्हणून तर नाव ‘विबॉर्चा’, म्हणजे निवडणुकीचं. अशा माणसासमोर रिव्हिननं देवघेवीची यादी मांडली. कायदा ‘अगोरा’ला हवा तसा करून मिळेल, ‘पोलसात’ घेता येईल. त्या बदल्यात एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलर, वाहिनी घेतल्यावर तिचं प्रमुखपद खुद्द रिव्हिनला, आणि ‘गाझेता’नं सरकारवर फार तुटून पडू नये. कुणाच्या वतीनं? तर ‘सत्ता हाती असलेल्या मंडळींच्या’ वतीनं. हा वाक्प्रचारही पुढे पोलिश भाषेत कायमचा राहिला.

त्या खोलीत ध्वनिमुद्रण चालू होतं, हे रिव्हिनला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी पंतप्रधान मिलर यांच्या कचेरीत मिखनिक आणि रिव्हिन समोरासमोर आले. पंतप्रधानांनी हात झटकले. आणि मग काय झालं? काहीच नाही. पाच महिने काहीच नाही. पंतप्रधानांनी पोलिसांत तक्रार केली नाही, संपादकानं बातमी छापली नाही. मिखनिक यांनी नंतर सांगितलं की आम्ही आमच्या परीनं शोध घेत होतो, शिवाय युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी डिसेंबरात कोपनहेगनला पुरी व्हायची होती, त्या आधी देशाचं नाव खराब करायचं नव्हतं. देशहित हे कारण ऐकलं की मी जरा सावध होतो. त्या कारणाखाली संपादकांनी बातम्या दाबायच्या आणि राजकारण्यांनी चौकश्या, हे जगात सगळीकडे चालतं. मिखनिक यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला वाटतं की त्या पाच महिन्यांनी त्यांच्या पत्राचं पुष्कळ नुकसान केलं. अखेर २७ डिसेंबर २००२ला ‘गाझेता’नं सगळं छापलं आणि देश हादरला.

जानेवारी २००३मध्ये संसदेनं चौकशी समिती नेमली. तोमाश नावेंच हे तिचे अध्यक्ष. समितीचं कामकाज टेलिव्हिजनवर थेट दाखवलं गेलं. नव्या पोलंडमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. मंत्री, संपादक, सचिव, वकील, एकामागून एक शपथेवर बसत होते. ज्या पडद्याच्या मालकीवरून भांडण सुरू झालं, त्याच पडद्यावर त्या भांडणाचा पंचनामा चालू होता. कालपर्यंत कुणाला ठाऊक नसलेले खासदार घराघरांत पोचले, आणि त्यातला एक तरुण खासदार झ्बिग्न्येव्ह झ्योब्रो. तो साक्षीदारांच्या टेलिफोनच्या नोंदी घेऊन बसे. कुणी कुणाला किती वाजता फोन केला, किती वेळा केला. याकुबॉव्स्का, पंतप्रधानांचे निकटवर्ती लेख निकोल्स्की, सरकारी टेलिव्हिजनचे प्रमुख रॉबेर्ट क्व्यात्कॉव्स्की आणि आपले सचिव चाझास्ती, या चौघांमधले फोन त्यानं जुळवून दाखवले.

फोन म्हणजे गुन्हा नव्हे. मसुदा चालू असताना खात्याचा उपमंत्री आणि परिषदेचा सचिव एकमेकांशी बोलणार, यात नवल ते काय? चाझास्तींनी तेच सांगितलं, आरोप फेटाळले. पण ऐकणाऱ्याच्या मनात निराळाच प्रश्न उभा राहिला. पंचाची रोजची ऊठबस ज्यांच्याशी, त्यांत सरकार आहे आणि ज्या सरकारी वाहिनीवर त्यानं लक्ष ठेवायचं तिचा प्रमुखही आहे. मग बाहेर उभा असलेला खासगी माणूस कुणाच्या तोंडाकडे बघणार? माझ्या मते चाझास्ती यांच्या कारकिर्दीचं नुकसान रिव्हिनपेक्षा या चित्रानं जास्त केलं.

परिषदेचे अध्यक्ष युलिउश ब्राउन यांनी २००३मध्ये अध्यक्षपद सोडलं. त्यांच्या जागी दानुता वान्येक आल्या. त्याही डाव्या पक्षाच्या जुन्या नेत्या. म्हणजे संशय पक्षपाताचा, आणि त्यावर इलाज म्हणून पक्षातलंच दुसरं माणूस.

निकाल मात्र विचित्र लागले, ते नीट समजून घेतले पाहिजेत. चौकशी समितीतल्या बहुमतानं एप्रिल २००४मध्ये अहवाल दिला की रिव्हिन एकटाच होता, त्याच्यामागे कुणी नव्हतं. मे महिन्यात हा अहवाल सभागृहापुढे आला, तेव्हा सभागृहानं तो बाजूला सारला आणि सगळ्यात कडक असा झ्योब्रोंचा अहवाल उचलून धरला. त्यात रिव्हिनच्या मागचे म्हणून पाच जणांची नावं होती. पंतप्रधान मिलर, याकुबॉव्स्का, निकोल्स्की, क्व्यात्कॉव्स्की आणि चाझास्ती. तोवर मिलर गेलेले होते. १ मे २००४ला पोलंड युरोपीय संघात गेला आणि २ मेला त्यांनी पद सोडलं.

न्यायालयाचं गणित वेगळं होतं. वॉर्साच्या न्यायालयानं रिव्हिनला फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल अडीच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २००४मध्ये अपिलात ती दोन वर्षांवर आली, पण दोषारोप बदलला. वरच्या न्यायालयानं म्हटलं की तो एकटा नव्हता, पैसे घेऊन वजन वापरण्याच्या व्यवहारात त्यानं दुसऱ्यांना साहाय्य केलं. ते दुसरे कोण? ते निश्चित झालं नाही. म्हणजे न्यायालयाच्या लेखी निरोप्या दोषी आहे आणि निरोप पाठवणारे अज्ञात आहेत. संसदेच्या लेखी त्यांची नावंही आहेत. पण संसदेचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. तो हात वर करून संमत होतो. चाझास्तींना या लाचेच्या प्रकरणात कुठल्याही न्यायालयानं दोषी ठरवलेलं नाही, आणि हे वाक्य प्रत्येकानं त्यांच्याबद्दल बोलताना उच्चारायला हवं. अडचण अशी की ‘निर्दोष’ असा शिक्का मिळायला आधी खटला उभा राहावा लागतो. अहवालात नाव येऊन खटला नाही, ही अवस्था फार वाईट. वकील देता येत नाही, उलटतपासणी करता येत नाही, आणि अहवाल सरकारी छापखान्यातून निघून ग्रंथालयांत जाऊन बसतो.

मतदारांनी मात्र वाट पाहिली नाही. २००५च्या निवडणुकीत ४१ टक्क्यांचा पक्ष ११ टक्क्यांवर आला, २१६ जागांच्या ५५ झाल्या. त्याला बेकारीसारखी आणि इतर भानगडींसारखी कारणंही होती, सगळा भार दोन शब्दांवर टाकणं बरोबर नाही. नव्या सत्ताधाऱ्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात प्रसारण परिषदेचा कायदा बदलला. नऊ सदस्यांचे पाच केले. दोन कनिष्ठ सभागृहाचे, एक वरिष्ठ सभागृहाचा, दोन राष्ट्राध्यक्षांचे. सदस्य कमी झाले, पण नेमणारे हात तेच राहिले. जुने सदस्य गेले, नव्यांनी आपली माणसं बसवली आणि याला सुधारणा म्हटलं.

पुढची गोष्ट मला सर्वात विलक्षण वाटते. चाझास्ती संपले असं लोक धरून चालले होते. २०१५च्या निवडणुकीत तर डाव्या आघाडीला एकही जागा मिळाली नाही. आघाडीसाठी आठ टक्क्यांची अट होती, ती थोडक्यात हुकली. अशा मोडक्या घराची किल्ली जानेवारी २०१६मध्ये चाझास्तींनी घेतली आणि ते पक्षाध्यक्ष झाले. २०१९मध्ये भांडणारे डावे गट एकत्र आणून ४९ जागा निवडून आणल्या, स्वतः खासदार झाले आणि सभागृहाचे उपाध्यक्षही. क्व्यात्कॉव्स्कीही त्याच वर्षी डाव्यांच्या यादीतून खासदार झाले. आणि १८ नोव्हेंबर २०२५ला चाझास्ती पोलंडच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष निवडले गेले. ज्या सभागृहानं २००४ साली त्यांचं नाव अहवालात ठेवून हात वर केले होते, त्याच सभागृहाच्या खुर्चीवर.

त्याच नोव्हेंबरात, अकरा दिवस आधी, त्या सभागृहानं आणखी एक मतदान केलं होतं. झ्बिग्न्येव्ह झ्योब्रो मधल्या काळात दोनदा न्यायमंत्री झाले, आणि त्यांच्या खात्यातल्या एका निधीच्या वापरावरून त्यांच्यावर आता फिर्यादी पक्षाचे आरोप आहेत. ते त्यांना अमान्य आहेत. खटल्यापासून खासदाराला जे संरक्षण असतं, ते सभागृहानं काढून घेतलं. टेलिफोनच्या नोंदी जुळवणारा तो तरुण आता दुसऱ्या बाजूला उभा होता. कुणाला यात काव्यात्म न्याय दिसेल. मला दिसत नाही, कारण आरोप त्यांच्यावरही सिद्ध व्हायचेच आहेत, आणि चाझास्तींना लावलेला नियम त्यांनाही लावायला हवा.

आणि प्रसारण परिषद? तिचं काम चालूच आहे. जुलै २०२५मध्ये संसदेनं तिचे अध्यक्ष माचिए श्विर्स्की यांना राज्य न्यायाधिकरणापुढे उभं करण्याचा ठराव केला. सार्वजनिक वाहिन्यांचे परवाना शुल्काचे पैसे अडवून ठेवल्याचा आणि पक्षपाताचा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला. ते आधीच्या राजवटीच्या काळात नेमले गेलेले. त्यांचे समर्थक म्हणतात हा सूड आहे, विरोधक म्हणतात हा हिशेब आहे. या वेळी मसुद्यातून कुठले शब्द गळालेले नाहीत.

पोलंडमध्ये अजूनही एखाद्या करारातलं, आमंत्रणातलं, नाटकाच्या जाहिरातीतलं काही गहाळ झालं, की कुणीतरी मिश्कीलपणे म्हणतं, ‘लुब चासोपिस्मा’.